सेंट अँड्र्यूजचं गायरान

१५५२ साली स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सेंट अँड्र्यूज या गावात, सशांवरून एक करार झाला. तिथले आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना गावाबाहेरच्या वाळवट जमिनीवर ससे पाळायचे होते. गावाची ना नव्हती. फक्त गावकऱ्यांचे त्या जमिनीवरचे जुने हक्क त्याच कागदात नोंदवून घेण्यात आले. गुरं चारायची, गवताचे थर कापून न्यायचे, आणि गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी असे सगळे खेळ खेळायचे. आर्चबिशपांनी ते मान्य केलं.

त्याच जमिनीवर आज ‘ओल्ड कोर्स’ आहे. जगभरच्या गोल्फवाल्यांनी आयुष्यात एकदा तरी खेळावं म्हणून मनात धरलेलं मैदान. आणि ती जमीन आजही सार्वजनिक आहे. पहिल्या टीच्या मागे उभी असलेली, फोटोंतून सगळ्यांना ठाऊक झालेली दगडी इमारत ‘रॉयल अँड एन्शंट’ क्लबची, पण मैदान त्या क्लबचं नाही. सातबाऱ्याच्या भाषेत बोलायचं तर मालकी स्थानिक परिषदेची, आणि वहिवाट १९७४ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या लिंक्स ट्रस्टकडे. क्लबच्या सभासदांना खेळायच्या वेळा राखून ठेवलेल्या असतात. तशा त्या गावातल्या इतर क्लबांना आणि साध्या रहिवाशांनाही असतात.

आपल्याकडे गोल्फ म्हटलं की आधी भिंत दिसते. भिंतीला गेट, गेटवर वॉचमन, आत हिरवळ. सभासदत्वासाठी अर्ज करून वडिलांनी वाट पाहायची आणि मुलाने खेळायचं. माझ्यासारखे हौशी खेळाडू कोणाच्या तरी ओळखीने, पाहुणा म्हणून फी भरून, किंवा लष्कराच्या एखाद्या मैदानावर मेहेरबानीने शिकले. त्यामुळे जगातल्या सर्वांत मानाच्या मैदानावर खेळायचं तर केवढ्या मोठ्या ओळखी लागतील, असा धसका घेऊनच आपण चौकशीला लागतो. ओळख लागत नाही, हे कळल्यावर पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसत नाही.

आधी लिंक्स म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण समुद्र दिसला म्हणून कोणतंही मैदान लिंक्स होत नाही. हिमयुगात स्कॉटलंडवर बर्फाचा प्रचंड जाड थर होता. तो वितळला, ओझं उतरलेली जमीन सावकाश वर उचलली गेली, आणि पूर्वी पाण्याखाली असलेले वाळूचे पट्टे उघडे पडले. वाऱ्याने त्या वाळूच्या टेकड्या केल्या. पक्ष्यांच्या विष्ठेवर आणि समुद्राने टाकलेल्या कचऱ्यावर फेस्क्यू, बेंट अशी बारीक, चिवट गवतं रुजली. ससे आणि मेंढ्या ती कुरतडून बुटकी ठेवत. किनारा आणि नांगरट यांच्या मधला हा पट्टा शेतीला कुचकामी, म्हणून तो कोणी ताब्यात घेतला नाही आणि गावाकडे राहिला. गोल्फला नेमकी अशीच जमीन हवी होती. खाली वाळू असल्याने पावसाचं पाणी थांबत नाही, वरचं गवत दाट पण तोकडं, जमीन कडक. चेंडू पडला की थांबत नाही, घरंगळत राहतो.

कोकणातल्या माणसाला लगेच प्रश्न पडेल. आपल्याकडेही पुळण आहे, वारा आहे, मर्यादवेलीने धरून ठेवलेले वाळूचे उंचवटे आहेत, मग आपल्याकडे लिंक्स का नाहीत? पुळण संपते न संपते तोच माडाच्या वाड्या सुरू होतात आणि त्यांच्यामागे जांभ्याचा सडा. शिवाय चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि उरलेले आठ महिने ऊन, हे फेस्क्यूला मानवणारं नाही. त्याला थंड हवा आणि वर्षभर थोडं थोडं पडणारं पाणी लागतं. आपल्या किनाऱ्यावर गोल्फ होऊ शकतो, लिंक्स होणार नाही.

गावाकडे राहिलेली जमीन गावाकडेच टिकेल याची मात्र कधीच खात्री नसते. गायरानांचा आपला अनुभव तोच आहे. सेंट अँड्र्यूजमध्येही ते घडलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस नगरपालिका कर्जात बुडाली आणि १७९७ मध्ये लिंक्सची जमीन हातची गेली. ती डेम्पस्टर नावाच्या व्यापाऱ्यांकडे आली. त्यांनी तिथे धंद्यासाठी सशांची पैदास सुरू केली. आर्चबिशपांच्या काळातले ससे आणि गोल्फ एकत्र नांदले असतील, पण आता बिळांनी सगळं मैदान पोखरलं. गावकरी ससे मारू लागले, मारामाऱ्या झाल्या, खटला लंडनला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. शेवटी १८२१ साली जेम्स चीप या शेजारच्या जमीनदाराने जागा विकत घेतली. तो स्वतः गोल्फ खेळणारा होता. ससे गेले. पुढे १८९४ मध्ये संसदेचा खास कायदा होऊन जमीन पुन्हा नगरपालिकेच्या नावावर आली. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे साल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोल्फला पैसा येऊ लागला होता, मैदानं कुंपणात जाऊ लागली होती, आणि बरोबर त्या वेळी एका छोट्या गावाने आपलं गायरान परत आणलं. गावकऱ्यांना त्यानंतरही अनेक वर्षं तिथे फुकट खेळता येई.

ओल्ड कोर्सला कोणी रचनाकार नाही. लोक खेळत गेले, वाटा पडत गेल्या. सुरुवातीला समुद्राला समांतर एकच चिंचोळी वाट होती, काटेरी झुडपांमधून काढलेली. तिच्यावरून एका टोकाला जायचं आणि त्याच होलांवर खेळत परत यायचं. जाताना अकरा, येताना अकरा, अशी बावीस होलांची फेरी. १७६४ साली सुरुवातीची चार होलं जोडून दोन केली गेली, म्हणून फेरी अठराची झाली. आज जगभर गोल्फची फेरी अठरा होलांची असते ती त्या दुरुस्तीमुळे. त्यामागे दुसरं कोणतंही गणित नाही. पुढे खेळणारे वाढले, जाणारे-येणारे एकाच भोकाशी भिडू लागले, तेव्हा ग्रीन रुंद करून प्रत्येकावर दोन भोकं ठेवली. आजही सात ग्रीन अशी जोड आहेत, आणि त्यांच्यावरच्या होलांची बेरीज प्रत्येक वेळी अठरा येते: दुसरं-सोळावं, तिसरं-पंधरावं, असं आठवं-दहाव्यापर्यंत. जाणाऱ्यांसाठी पांढरी निशाणं, येणाऱ्यांसाठी लाल. पाचव्या-तेराव्याचं ग्रीन जवळपास एकराचं आहे. तिथे आपल्या भोकापासून साठ-सत्तर पावलांवर उभं राहून पटर चालवायची वेळ येते. असा पट आपण आपल्या मैदानावर कधी मारलेलाच नसतो.

या खेळात आपला एक कोपरा आहे. १८४८च्या आधी गोल्फचा चेंडू चामड्याच्या पिशवीत हंसाची पिसं ठासून बनवत. कुशल कारागीर दिवसाला मोजकेच चेंडू करी, आणि पावसात ते भिजून फुटत. मग गटापर्चा आला, मलायाकडच्या झाडांचा चीक. गरम पाण्यात मऊ होणारा, थंड झाला की घट्ट. त्याचा चेंडू करण्याचं श्रेय सेंट अँड्र्यूजच्या रॉबर्ट पॅटरसन यांना दिलं जातं. आख्यायिका अशी की त्यांच्या घरी पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली होती आणि ती फुटू नये म्हणून तिच्याभोवती गटापर्चाचे तुकडे भरलेले होते. ते तुकडे या विद्यार्थ्याने टाकून न देता वितळवून पाहिले. कथेतला तपशील किती खरा हे बाजूला ठेवलं तरी तिने एक गोष्ट बरोबर पकडली आहे. गोल्फ स्वस्त झाला तो साम्राज्याच्या मालवाहतुकीमुळे. पिसांच्या चेंडूंचा सर्वांत नावाजलेला कारागीर ॲलन रॉबर्टसन याने नव्या चेंडूला कडाडून विरोध केला, आणि त्याचा शिकाऊ साथीदार टॉम मॉरिस तो चेंडू घेऊन खेळताना दिसला म्हणून दोघांचं बिनसलं. मॉरिस प्रेस्टविकला निघून गेला. तिथेच १८६० साली आठ खेळाडूंच्या हजेरीत ‘ओपन’ ही स्पर्धा पहिल्यांदा झाली. पुढे तो ग्रीनकीपर म्हणून सेंट अँड्र्यूजला परत आला, आणि ओपन एकूण चार वेळा जिंकून ‘ओल्ड टॉम’ झाला. मैदानावर वाळू पसरत राहिलं तर गवत सुधारतं, हे त्याने पक्कं केलं. रविवारी मैदान बंद ठेवण्याबद्दल कुरकुरणाऱ्यांना, तुम्हाला विश्रांती नको असेल, मैदानाला हवी आहे, असं तो सुनवायचा म्हणतात.

त्याच काळात उलट दिशेनेही माल गेला. मुंबईत १८४२ साली गोल्फ क्लब निघाला होता. कोलकात्याचा १८२९चा, आणि ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईतल्या स्कॉटिश व्यापाऱ्यांनी आणि अधिकाऱ्यांनी रॉयल अँड एन्शंटला एक रौप्यपदक पाठवलं. क्लबच्या वसंतातल्या स्पर्धेत दुसरा येणाऱ्याला ते ‘बॉम्बे मेडल’ दिलं जातं. मुंबईचा तो क्लब विरून गेला, नाव सेंट अँड्र्यूजच्या कपाटात राहिलं.

आता खेळायला कसं मिळतं ते. रस्ते अनेक आहेत. दौरे आखणाऱ्या कंपन्यांकडून हॉटेलासकट पॅकेज घेतलं तर वेळ नक्की मिळते, पण त्याची किंमत ऐकून भूक मरते. वर्षभर आधी अर्ज करायचीही सोय आहे. आणि तिसरा, खरा गावठी रस्ता म्हणजे सोडत. दोन ते चार जणांनी दोन दिवस आधी दुपारपर्यंत नावं द्यायची, त्याच दिवशी निकाल लागतो. म्हाडाच्या सोडतीत वर्षानुवर्षं नाव न लागलेल्या मुंबईकराला इथे बरंच घरच्यासारखं वाटेल, फरक इतकाच की उद्या पुन्हा अर्ज करता येतो. नाव लागलं तर उन्हाळ्यात माणशी तीनशे पौंडांच्या वर मोजावे लागतात, आणि हँडिकॅपचा दाखला दाखवावा लागतो. हँडिकॅप म्हणजे चांगल्या खेळाडूपेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात त्याचा आकडा. माझा विशीच्या आसपास रेंगाळलेला आहे. आता वर जाईल, खाली यायची आशा मी सोडली आहे.

एकट्या माणसासाठी पूर्वी वेगळी गंमत होती. तिघांचा गट असेल आणि खेळ सुरू करून देणाऱ्या स्टार्टरने परवानगी दिली तर चौथा म्हणून आत शिरता येई. त्यासाठी माणसं ओल्ड पॅव्हिलियनपाशी पहाटे नव्हे, आदल्या रात्रीच रांग लावत. ब्लँकेटं, थर्मास, घडीच्या खुर्च्या. करोडपती आणि विद्यार्थी एकाच ओळीत कुडकुडत. २०२४ मध्ये ट्रस्टने ही रांग बंद केली. आता आदल्या दिवशी स्वतः जाऊन नाव नोंदवायचं आणि संध्याकाळी सोडतीचा निकाल बघायचा. थंडीत रात्र काढणाऱ्यांच्या तब्येतीचा विचार करता निर्णय शहाणपणाचा. तरी मला तो खटकतो. रांगेत ज्याला जास्त हवं होतं त्याला मिळत होतं. सोडतीत ते नशिबावर गेलं.

मी गेलो तेव्हा दोन दिवस नाव लागलं नाही. मग शेजारच्या न्यू कोर्सवर खेळलो. ‘न्यू’ म्हणजे १८९५चं. ट्रस्टच्या ताब्यात एकूण सात मैदानं आहेत, सगळ्यात नवं २००८चं, आणि न्यू कोर्सबद्दल तिथले जुने खेळाडू खासगीत सांगतात की ओल्डपेक्षा हेच जास्त सरळ आणि न्याय्य. मला ते पटलं. पण न्याय्य मैदानाची कोणी आठवण काढत नाही.

तिसऱ्या दिवशी ओल्डवर नाव लागलं. पहिल्या टीसमोरचा फेअरवे अठराव्याशी जोडलेला, अवाढव्य रुंद, एकही बंकर नाही. जगातला सर्वांत सोपा पहिला फटका असं त्याचं वर्णन करतात आणि ते चूक नाही. फक्त पाठीमागे क्लबच्या खिडक्या आहेत आणि उजवीकडे रेलिंगला टेकून उभी असलेली माणसं, ज्यांना बघायला दुसरं काम नाही. सल्ला एकच मिळतो, डावीकडे मारा. उजवीकडे हद्दीबाहेर जातो, डावीकडे फार तर परतीच्या फेअरवेवर. जातानाच्या सगळ्या अर्ध्या फेरीत हाच नियम चालतो, उजवीकडे पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, डावीकडे येणाऱ्यांचा मोकळा पट्टा. मात्र तज्ज्ञ सांगतात की डावीकडून ग्रीनवर जाणारा पुढचा फटका कठीण होतो. म्हणजे भित्र्याला पहिल्या फटक्यात सूट मिळते आणि दुसऱ्यात वसुली होते.

कॅडी साठी ओलांडलेले होते, बोलणं मोजकं. तिसऱ्या-चौथ्या होलाला माझा चेंडू ग्रीनच्या तीसेक यार्ड अलीकडे थांबला. मी सवयीने वेज मागितली. आपल्या मैदानांवर हेच करतात, चेंडू उंच उचलून झाडून टाकायचा. त्यांनी बॅगेतून पटर काढून दिली आणि पुढे ग्रीनकडे चालू लागले, विचारायची सोयच ठेवली नाही. मी गुडघ्यावर बसून गवत पाहिलं. बोटाच्या पेराएवढंही उंच नव्हतं, हात फिरवला तर खाली लगेच कडक वाळू लागत होती. वेजचं पातं त्याच्याखाली शिरलंच नसतं. पटरने मारलेला चेंडू दोन उंचवट्यांवरून डुगडुगत गेला, दिशा बदलून आला आणि भोकापासून चारेक फुटांवर विसावला. तो फटका माझ्या कौशल्याचा नव्हता, जमिनीचा होता. लिंक्सवर हे वारंवार होतं, आणि तितक्याच वारंवार उलटही होतं.

बंकरांचंही तसंच. ओल्ड कोर्सवर ते शंभरावर आहेत, बरेचसे टीवरून दिसत नाहीत. मेंढ्यांनी वाऱ्यापासून आडोसा म्हणून खरवडलेल्या खळग्यांतून ते झाले असं सांगतात. कडा ढासळू नये म्हणून गवताच्या मुळांसकट कापलेल्या चकत्या विटांसारख्या एकावर एक रचून भिंत उभी करतात, आणि ती दर काही वर्षांनी नव्याने बांधावी लागते. चेंडू भिंतीला चिकटून पडला तर पुढे मारता येत नाही, मागे मारून बाहेर यावं लागतं. अमेरिकेतून आलेल्यांना हे फार लागतं, कारण त्यांना वाटतं की चांगल्या खेळाडूला प्रत्येक जागेवरून पुढे जाता आलं पाहिजे. १९२१ साली एकोणीस वर्षांचा बॉबी जोन्स ओपनमध्ये अकराव्या होलाच्या हिल बंकरमध्ये अडकला आणि वैतागून त्याने स्पर्धा तिथेच सोडली. नंतर त्याचं मन बदललं. १९२७ मध्ये त्याने याच मैदानावर ओपन जिंकली, १९३० मध्ये ब्रिटिश अमॅच्युअर जिंकली, आणि १९५८ साली गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. जोन्सच्या आधी ते मिळालेला अमेरिकन म्हणजे १७५९ सालचे बेंजामिन फ्रँकलिन. जोन्स आयुष्यभर हौशीच राहिला, पैशासाठी स्पर्धा खेळला नाही. गावाचा त्याच्यावर जीव होता त्यात याचाही वाटा असावा.

चौदाव्या होलावर ‘हेल’ नावाचा बंकर आहे. १९९५ मध्ये जॅक निकलाउसला तिथून बाहेर यायला चार फटके लागले आणि होल दहात संपलं. याउलट २०००च्या ओपनमध्ये टायगर वुड्स चारही दिवसांच्या ७२ होलांत एकाही बंकरमध्ये गेला नाही आणि आठ फटक्यांनी जिंकला. हौशी माणसाने यातलं पहिलं उदाहरण लक्षात ठेवावं, कारण दुसरं आपल्या उपयोगाचं नाही.

सतरावं होल, रोड होल. टीवरून चेंडू हॉटेलच्या आवारातल्या शेडवरून, आंधळेपणाने मारायचा. जुन्या रेल्वेच्या कोळशाच्या शेडची ती नक्कल आहे. रेल्वे गेली, अडथळा तेवढा जपला. पुढे ग्रीन आडवं, अरुंद. अलीकडे खोल रोड बंकर, पलीकडे डांबरी रस्ता आणि दगडी भिंत. रस्त्यावर गेलेला चेंडू रस्त्यावरूनच मारावा लागतो. १९७८ मध्ये जपानचा टॉमी नाकाजिमा शर्यतीत होता. ग्रीनवर पोचून मारलेला त्याचा पट घरंगळत बंकरमध्ये गेला, आणि बाहेर येईपर्यंत होलाचे नऊ फटके झाले. २०२२च्या दीडशेव्या ओपनमध्ये कॅमेरॉन स्मिथ शेवटच्या दिवशी त्याच बंकरच्या अलीकडे आला. त्याने उंच फटक्याचा मोह टाळला, पटर काढली आणि चेंडू बंकरला वळसा घालून ग्रीनवर नेला. पार वाचवला, ओपन जिंकली. माझ्या कॅडीचं शहाणपण आणि जगज्जेत्याचं शहाणपण एकच आहे, हे कळून मला बरं वाटलं.

अठराव्यावर येताना स्विल्कन ओढ्यावरचा दगडी पूल ओलांडायचा. मेंढपाळांनी गुरं नेण्यासाठी बांधलेला, सातशे वर्षांपूर्वीचा मानतात. प्रत्येक जण इथे फोटोसाठी थांबतो, त्यामुळे आजूबाजूचं गवत टिकत नाही. २०२३च्या सुरुवातीला ट्रस्टने यावर उपाय म्हणून पुलाच्या तोंडाशी गोल दगडी ओटा बांधला. लोकांनी इतकी टर उडवली की काही दिवसांत तो उखडून टाकावा लागला. पुढे फेअरवेला ग्रॅनी क्लार्क्स वाइंड हा गावरस्ता आडवा छेदून जातो. कायद्याने सार्वजनिक, डांबरी. माझ्यापुढच्या गटातल्या एकाने फटक्याचा पवित्रा घेतला होता आणि एक बाई बाबागाडी ढकलत निवांत मधून गेल्या. कोणी काही बोललं नाही. त्या पलीकडे जाईपर्यंत सगळे थांबले.

रविवारी तर मैदान बंदच. ओपनसारखा अपवाद सोडला तर त्या दिवशी ते गावाची बाग असते. कुत्री, मुलं, विद्यापीठातली पोरं, म्हातारी जोडपी फेअरवेवरून फिरतात. जगात इतक्या मोलाच्या जमिनीचा आठवड्यातला सर्वांत महागडा दिवस असा कोण सोडतो?

जमीन उघडी होती म्हणून माणसं उघड्या मनाची होती असं मात्र नाही. रॉयल अँड एन्शंटची सुरुवात १७५४ची, आणि स्त्रियांना सभासदत्व द्यायचं मतदान झालं सप्टेंबर २०१४ मध्ये. म्हणजे मैदानावर बाई खेळू शकत होती, खिडकीमागे बसू शकत नव्हती. गावातल्या बायकांनी १८६७ सालीच आपला पटिंग क्लब काढला होता. खांद्याच्या वर काठी उचलणं स्त्रियांना शोभत नाही अशी त्या काळची समजूत, म्हणून फक्त पटर. त्यांचं मैदान इतकं उंचसखल की त्याला ‘हिमालयाज’ म्हणतात. ते आजही आहे आणि मोजके पौंड भरून कोणालाही, पोराबाळांसकट, खेळता येतं. मी तिथे एका शाळकरी मुलीकडून सपाटून हरलो.

एडिंबराजवळच्या मुइरफील्डची गोष्ट जास्त कडवट आहे. तिथला क्लब गोल्फचे सर्वांत जुने लिखित नियम करणारा, १७४४ सालचे तेरा नियम. २०१६ मध्ये स्त्री-सभासदत्वाचा ठराव तिथे आवश्यक बहुमताअभावी पडला. ओपनच्या यजमानांच्या यादीतून नाव काढलं गेलं, आणि पुढच्याच वर्षी ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला. इतकं लवकर हृदयपरिवर्तन होत असतं तर बरंच होतं. मैदान म्हणून मुइरफील्ड कदाचित ओल्डपेक्षा सरस आहे, जाणकारांत असं मानणारे पुष्कळ. पाहुण्यांना आठवड्यातले ठरावीक दिवस आणि जेवणाला कोट-टाय. मी अर्ज केला नाही.

आपल्या खेळाडूंनी या किनाऱ्यांवर चांगले दिवस पाहिले आहेत. २०१२ मध्ये जीव मिल्खा सिंगने इन्व्हर्नेसजवळच्या कॅसल स्टुअर्टवर स्कॉटिश ओपन जिंकली. २०२३ मध्ये शुभंकर शर्मा इंग्लंडमधल्या हॉयलेकच्या ओपनमध्ये बरोबरीने आठवा आला.  लिंक्सवर वाऱ्याखालून चेंडू बुटका ठेवता येत असला की ताकदीची उणीव बरीच भरून निघते.

या सगळ्याला खरा धोका आता कुंपणाचा नाही, समुद्राचा आहे. उत्तरेला माँट्रोझ इथे सोळाव्या शतकापासून खेळतात. तिथे गेल्या काही दशकांत समुद्राने वाळूच्या टेकड्या इतक्या खाल्ल्या की टी मागे सरकवाव्या लागल्या, होलांची जागा बदलावी लागली. सेंट अँड्र्यूजच्या वेस्ट सँड्स किनाऱ्यावरही टेकड्या नव्याने उभ्या करून त्यांवर गवत लावण्याचं काम चालू आहे. हीच ती पुळण जिथे ‘चॅरियट्स ऑफ फायर’मधले धावपटू धावले होते. ही जमीन मुळात समुद्रानेच सोडलेली. त्याने परत मागितली तर १५५२चा कागद दाखवून भागणार नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. २०२७ची ओपन सेंट अँड्र्यूजला आहे, त्यामुळे त्या जुलैच्या आगेमागे ओल्ड कोर्स पाहुण्यांना मिळण्याची आशा धरू नये. एप्रिल किंवा ऑक्टोबर बरा, फी कमी, सोडतीत गर्दी कमी, वारा भरपूर. नोव्हेंबर ते मार्च खेळायचं तर फेअरवेवर प्रत्येक फटका छोट्या चटईवर चेंडू ठेवून मारावा लागतो, ती चटई बरोबर वागवायची. बग्गी मिळत नाही, चालायची सवय करून जावं. कॅडी घ्यावा, पैसे वसूल होतात. ओल्डवर नाव लागलं नाही तर किनाऱ्याने अर्ध्या तासावर ईलीला जावं. तिथल्या पहिल्या होलावर समोर टेकडी आडवी येते, म्हणून स्टार्टरच्या खोलीत एचएमएस एक्सकॅलिबर या पाणबुडीचा पेरिस्कोप बसवला आहे. पुढचा गट टेकडीपलीकडे सरकला की नाही ते त्यातून पाहून तुम्हाला मारायला सांगतात. आणि रविवारी पोचलात तर ओल्ड कोर्सवर सरळ चालत जा, अठराही होलं पायी फिरा. पैसे पडत नाहीत.